रिफंडचा मेसेज खरा वाटला, कारण रिफंड खरंच यायचा होता

रामबागची लेक | ११ सप्टेंबर २०२५, रात्री १०:२०

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही, फक्त माझं नाव घालू नकोस."

बाबा ७४ वर्षांचे. इथेच इंदूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आयकराचं विवरण जूनमध्येच भरून झालं होतं. मुदत ठेवीवर बँकेनं कापलेला टीडीएस परत मिळायचा होता आणि यंदा तो लांबत चालला होता. मंगळवारी दुपारी मोबाइलवर मेसेज आला: तुमचा १८,२४० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, अमुक खात्यात जमा होईल, खातं चुकीचं असल्यास खालच्या लिंकवर दुरुस्त करा. सोबत खात्याचे शेवटचे चार आकडे दिले होते.

ते आकडे चुकीचे होते, आणि बाबा फसले ते नेमके तिथेच. त्यांना वाटलं, विभागाकडे आपलं खातं चुकीचं नोंदलं गेलंय, म्हणूनच पैसे अडकलेत. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. चुकलेला आकडा दिसला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही.

लिंक उघडली तर पान अगदी विभागाचंच वाटावं असं. वर सिंहांची राजमुद्रा, निळी पट्टी, खाली हिंदी-इंग्रजीचा पर्याय. पॅन, जन्मतारीख, आधारचा फोटो, खातं क्रमांक, मग एटीएम कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. तेवढ्यात एका बाईचा फोन आला, "सर, मैं आयकर विभाग से बोल रही हूँ, आपका फॉर्म आधा रह गया है." ओटीपी दोनदा आला आणि दोन्ही वेळा बाबांनी तो वाचून दाखवला. ४९,००० आणि ३८,५०० गेले.

मी विजय नगरला ऑफिसात होते. बाबांना पाचच मिनिटांत कळलं होतं, पण त्यांनी मला सांगितलं ते रात्री नऊ वाजता. दुसऱ्या दिवशी आईची तिथी होती. "तुझी धावपळ आहे, त्यात हे कुठं," म्हणून गप्प राहिले. जेवताना हात थरथरत होता, तेव्हा मी खोदून विचारलं.

९:२५ ला १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं: कोणत्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काय. बाबांनी आधीचा मेसेज पुसून टाकला होता, पण त्यांची रोजनिशी असते. त्यात त्यांच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात लिहिलेलं सापडलं: "१:४२, सहा आकडे सांगितले. १:४६, पुन्हा सहा. १:५१, चूक झाली." मी ते पान फोनवर वाचत गेले आणि तिकडचा माणूस टाइप करत गेला.

तक्रारीचा क्रमांक मिळाला. रात्रीच सायबर क्राइम पोर्टलवर बाकीची माहिती भरली आणि बँकेच्या टोल-फ्री नंबरवर कार्ड बंद केलं. आता पुढे काय करायचं? पैशांपेक्षा मला त्या आधारच्या फोटोची आणि पॅनची जास्त भीती वाटते आहे.

---

निवृत्त रोखपाल | ११ सप्टेंबर, रात्री ११:०५

ताई, पहिल्या रात्री जे करायचं ते तुम्ही केलंत. उद्या सकाळी शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या. फोनवर कार्ड बंद केलं एवढ्यावर थांबू नका. अर्जात दोन्ही व्यवहारांची वेळ आणि रक्कम, १९३० चा तक्रार क्रमांक, तुम्ही बँकेला पहिल्यांदा कळवलं ती वेळ, हे सगळं लिहा आणि प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. काउंटरवरचा माणूस म्हणेल, "साहेबांना सांगितलंय, होऊन जाईल." शिक्का मिळेपर्यंत हलू नका.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. ग्राहकाची काही चूक नसेल आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरतात, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याच्या मिनिटाला किंमत आहे. बँक ३० दिवसांत उत्तर देत नसेल, किंवा उत्तर पटत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

१९३० वर कळवलं की तक्रार पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत पोचते आणि तिथे जे शिल्लक असेल ते रोखून धरतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, लगेच तिसऱ्या-चौथ्या खात्यात फिरवतो. त्यामुळे पहिल्या तासाभरात फोन गेला तर बरंच हाती लागतं. सात तासांनी काय मिळेल, ते आता सांगता येत नाही. पण आशा सोडू नका.

---

शेवभाजी | १२ सप्टेंबर, सकाळी ८:४०

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट विचारतो, रागवू नका. बँका रोज मेसेज करतात की ओटीपी कुणाला सांगू नका. शिकलेल्या माणसानं दोनदा कसा सांगितला? आमच्या घरी मी वडिलांच्या फोनवरून नेट बँकिंगच काढून टाकलंय. या वयात त्यांना हे द्यायलाच नको.

---

रामबागची लेक | १२ सप्टेंबर, सकाळी ९:१५

दादा, रागावले नाही. पण हाच प्रश्न बाबांनी त्या दुपारी स्वतःला सात तास विचारला, म्हणूनच फोन सात तास उशिरा गेला. मुलगी असंच म्हणेल, अशी भीती होती त्यांना. मी तसं म्हणाले नाही, पण याआधी कधीतरी नक्कीच म्हटलं असेन.

आणि त्यांच्या हातून व्यवहार काढून घेणं मला जमणार नाही. ते बिलं स्वतः भरतात, त्यात त्यांचा दिवस जातो, मान राहतो.

---

आकडेमोड | १२ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी इंदूरलाच सीए आहे. १५ तारीख तोंडावर आहे, तरी हे आधी लिहितो, कारण याच आठवड्यात माझ्याकडच्या तिघांना असलेच मेसेज आलेत. चोरांनाही विवरणाची मुदत कळते.

"आयकर विभाग कधी मेसेज किंवा ईमेल करत नाही" असं कृपा करून कुणाला सांगू नका. विभाग दोन्ही करतो. विवरण मिळालं, तपासून झालं, रिफंड निघाला, रिफंड परत गेला, हे सगळं कळवतो. खातं पडताळलेलं नसेल तर रिफंड खरोखर अडकतोही. काकांना आलेला मेसेज म्हणजे खऱ्या मेसेजची हुबेहूब नक्कल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पीआयबीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानं, असाच एक मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं होतं, १५,४९० रुपयांच्या रिफंडचा, त्यातही "हे खातं तुमचं नसेल तर दुरुस्त करा" हाच गळ होता.

मी अशिलांना एकच सवय लावतो. मेसेज खरा की खोटा, याचा निवाडा मेसेजकडे बघत करायचाच नाही. तो बंद करायचा, ब्राउझर उघडायचा, इन्कमटॅक्स डॉट गॉव डॉट इन हा पत्ता स्वतःच्या बोटांनी टाइप करायचा आणि आत जाऊन बघायचं. रिफंड खरंच अडकला असेल, तर तिथे तसं दिसतं आणि पुन्हा पाठवण्याची विनंतीही तिथूनच करता येते. रिफंड येतो तो विभागाच्या या पोर्टलवर पडताळलेल्या, पॅनला जोडलेल्या खात्यात. त्यासाठी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे किंवा पिन कशालाच लागत नाही. हे मागितलं की समोर चोर आहे.

नोटीस आली तर तिच्यावर डिन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर तो असावा लागतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर नोटीस खरी आहे का तपासायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. तिथेही मोबाइलवर ओटीपी येतो, त्यानं गोंधळू नका, ते पान तुम्ही स्वतः उघडलेलं असतं.

आता काकांसाठी. आजच पोर्टलचा पासवर्ड बदला. ज्या ईमेलवर विभागाची पत्रं येतात त्याचाही बदला. प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, बँक खात्यांच्या यादीत अनोळखी खातं घुसलंय का, भरलेल्या विवरणांत कुणी सुधारित विवरण टाकलंय का, हे तिन्ही बघा. मग ई-फायलिंग व्हॉल्ट चालू करा, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून कुणाला आत शिरता येणार नाही.

खोटा ईमेल आला असेल तर तो जसाच्या तसा वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गॉव डॉट इन या पत्त्यावर पाठवायचा आणि प्रत इन्सिडंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन ला. स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ ईमेलच फॉरवर्ड करा, तो कुठून निघाला ते त्याच्या आतल्या हेडरमध्ये असतं. नुसता मेसेज किंवा फोन आला आणि पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर चक्षू नावाची सोय आहे, तिथे नोंदवा. पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३०.

---

सुदामानगरची मावशी | १२ सप्टेंबर, संध्या. ६:१०

माझं वय ६८. मला पत्ता वाचता येतो, पण खोट्या पत्त्यातही इन्कमटॅक्स आणि गॉव हे शब्द असतात. मग ओळखायचं कसं? आणि आता एक पॅन २.० आलंय म्हणे, त्याचाही ईमेल आलाय, नवीन ई-पॅन डाउनलोड करा म्हणून. तो खरा का?

---

आकडेमोड | १२ सप्टेंबर, रात्री ९:००

मावशी, प्रश्न अगदी नेमका विचारलात. पत्ता सुरुवातीपासून वाचला की फसायला होतं. सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिच्या अलीकडचे शब्द उलटे वाचत या. रेघेला चिकटून "डॉट गॉव डॉट इन" असेल तर सरकारी, गॉवच्या आधी डॉटच हवा. "इन्कमटॅक्स-गॉव-इन डॉट" आणि त्यापुढे आणखी काही असेल, तर खरा मालक तो शेवटचा शब्द, आधीचं सगळं नुसतं रंगकाम. पण दिवसाउजेडी चष्मा लावूनही हे निसटतं, म्हणून स्वतः टाइप करणंच बरं.

पॅन २.० ही पॅनच्या सेवा सुधारायची योजना खरी आहे, २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळानं मंजूर केली. त्यासाठी जुनं पॅन बदलावं लागत नाही, ते चालूच राहतं. त्या ईमेलमधलं काही दाबू नका, तो वर दिलेल्या पत्त्यांवर पाठवून द्या.

---

जेल रोडचा मेकॅनिक | १३ सप्टेंबर, दुपारी १२:४५

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दर आठवड्याला एखादा फोन असा येतो की व्हॉट्सॲपवर फाइल आली, नावात रिफंड किंवा चालान, शेवटी एपीके, आणि माणसानं ती दाबली. ती फाइल म्हणजे ॲप असतं. एकदा परवानगी मिळाली की तुमचे मेसेज ते गुपचूप पुढे पाठवतं. मग ओटीपी कुणी विचारतही नाही, तो आपोआप जातो.

दाबली गेलीच तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. बँकेला आणि १९३० ला दुसऱ्या फोनवरून कळवा. फोटो वगैरे वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करून घ्या. स्टार हॅश २१ हॅश डायल केलं की तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसतं, वळवले असतील तर हॅश हॅश ००२ हॅशनं बंद होतात.

काकांनी फाइल उघडली नव्हती ना? आणि पॅन बाहेर गेलंच आहे, तर नवीन पॅन काढून घेतलेलं बरं नाही का?

---

आकडेमोड | १३ सप्टेंबर, दुपारी २:२०

नाही, दुसरं पॅन अजिबात काढू नका. एका माणसाला एकच पॅन, दोन बाळगल्यास १०,००० रुपये दंड आहे. पॅन तेच राहणार, लक्ष आपल्याला ठेवायचंय. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, मात्र लॉक करा आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास बघा. दोन्ही सोयी आधारच्याच संकेतस्थळावर आहेत.

आणखी एक, जे फोनवरचा चोर करत नाही, ओळखीचा माणूस करतो. "रिफंड वाढवून देतो, वाढीतले इतके टक्के माझे" म्हणणारे एजंट. ते प्रोफाइलमध्ये स्वतःच काढलेला तात्पुरता ईमेल टाकतात, खोट्या वजावटी दाखवतात आणि पुढे नोटीस येते ती त्या ईमेलवर, तुम्हाला कळतही नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं देशभर अशांवर कारवाई केली, तेव्हा हीच पद्धत समोर आली. विवरण कुणाकडूनही भरून घ्या, पण मोबाइल, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा.

---

लष्करवाला | १४ सप्टेंबर, सकाळी ११:००

मी ग्वाल्हेरचा. ताईंनी आधारच्या फोटोची भीती लिहिली आहे, ती खरी आहे, म्हणून माझं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी एका ठिकाणी पॅन, आधार, फोटो, सही, सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. नोकरी काही मिळाली नाही, तो नंबरही बंद झाला. यंदा विवरण भरायला आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण (आपल्या व्यवहारांची जी माहिती विभागाकडे पोचते तिची यादी) उघडलं, तर त्यात माझ्या नावावर जीएसटीची उलाढाल दिसली. आकडा बघून पाय लटपटले. मी पगारदार माणूस, घरी कुणाचंही दुकान नाही. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून करदाता शोधता येतो. शोधलं तर दुसऱ्या राज्यात माझ्या पॅनवर फर्म निघाली, नोंदणी चालू.

रात्रभर झोप नाही. आईला वाटलं, पोलीस मलाच धरून नेतील.

---

आकडेमोड | १४ सप्टेंबर, दुपारी ४:४०

दादा, घाबरू नका, पण गप्पही बसू नका. वार्षिक माहिती विवरणात त्या नोंदीवर प्रतिसाद द्यायची सोय असते. तिथे "माहिती नाकारली" हा पर्याय निवडा. चुकूनही "बरोबर आहे" करू नका. मग सायबर क्राइम पोर्टलवर ओळखचोरीची तक्रार. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी त्यासाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रारीची प्रत जोडून ती नोंदणी ज्या जीएसटी अधिकाऱ्याच्या हद्दीत आहे त्याला नोंदणी रद्द करण्यासाठी लेखी अर्ज, आणि जीएसटीच्या तक्रार पोर्टलवर तिकीट. अर्जासोबत पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र लावा, म्हणजे त्या काळात तुम्ही कुठे नोकरीत होता ते दिसेल.

आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवा. देशात चार कंपन्या तो देतात, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. अनोळखी कर्ज दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. रामबागच्या ताई, काकांचाही मागवा. आज काही दिसणार नाही कदाचित. दर तीन-चार महिन्यांनी एकेका कंपनीचा मागवत राहा, म्हणजे वर्षभर नजर राहते.

---

सुदामानगरची मावशी | १४ सप्टेंबर, रात्री ८:००

मी आज सगळ्यांना हे वाचून दाखवलं. आमच्या यांनी तिकिटाच्या एजंटला, गॅसवाल्याला, सगळीकडे आधारची झेरॉक्स दिलेली आहे. पुढे काय करू?

---

निवृत्त रोखपाल | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

वहिनी, दिलेल्या परत येणार नाहीत. यापुढे मास्क केलेलं आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, आधारच्या संकेतस्थळावरून मिळतं. आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख, सही. अक्षर छापलेल्या मजकुरावरून गेलं पाहिजे. मी नोकरीत असताना अशा लिहिलेल्या प्रती हाताळल्या आहेत, त्या दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं.

---

शेवभाजी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

रामबागच्या ताई, परवाचं माझं लिहिणं मागे घेतो. काल वडिलांना सहज विचारलं, तुम्हाला कधी असा फोन आला होता का? म्हणाले, मार्चमध्ये आला होता, पाच हजार गेले. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी बोलेन म्हणून.

---

रामबागची लेक | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४५

उशिरा लिहिते आहे, पण सगळं कळवायचं होतं. ४९,००० त्याच दुपारी दोन खात्यांतून फिरून कुठल्याशा एटीएममधून निघाले, ते गेले. ३८,५०० मात्र एका खात्यात तसेच पडून होते, ते रोखले गेले. ते सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. एक तारीख झाली, पुढची डिसेंबरमध्ये आहे. बाबांनी रोजनिशीच्या त्या पानाची प्रत स्वतः जोडली आणि खाली सही केली.

क्रेडिट रिपोर्टमध्ये ऑक्टोबरात कर्ज देणाऱ्या एका ॲपची चौकशी दिसली, कर्ज झालेलं नव्हतं. हरकत नोंदवली आहे. आयकराच्या पोर्टलवर सगळं ठीक आहे. आणि खरा रिफंड गेल्या आठवड्यात आला, ११,३६० रुपये, पडताळलेल्या खात्यात, कुणालाही काही न सांगता.

ग्वाल्हेरचे दादा, बाबा रोज विचारतात, त्या मुलाचं काय झालं म्हणून.

---

लष्करवाला | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

काकांना नमस्कार सांगा. जीएसटीच्या पोर्टलवर त्या फर्मची नोंदणी आता "निलंबित" दिसतंय, रद्द व्हायची आहे. अधिकाऱ्यांनी पगाराच्या स्लिपांच्या मूळ प्रती मागवल्या होत्या, त्या स्पीड पोस्टनं पाठवल्या. रद्द झाल्याचा आदेश आला की इथेच लिहितो.